सुकाणू कुणाच्या शब्दावर?

महासागर ओलांडून आलेले जहाज बंदरापासून काही मैलांवर आले की कप्तान एका परक्या माणसाला जहाजावर घेतो आणि तिथून धक्क्याला लागेपर्यंत जहाज त्याच्या शब्दावर चालते. हा बंदराचा पायलट. छोट्या लाँचमधून तो येतो, चालत्या जहाजाच्या अंगावर सोडलेल्या दोराच्या शिडीने वर चढतो (पाण्यापासूनची चढण नऊ मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसत्या शिडीवर भागवता येत नाही, जहाजाचा बाजूचा जिनाही जोडावा लागतो, आणि तरीही या चढाईत पायलट आजसुद्धा जिवाला मुकतात), ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षात, पोचतो आणि सुकाण्याला, इंजिनाला, जहाज ओढणाऱ्या टगांना हुकूम देऊ लागतो. कागदोपत्री मात्र तो हुकूम देत नाही, सल्ला देतो. हुकमाचा मालक कप्तान. समुद्रावरच्या अधिकाऱ्यांसाठी जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत स्पष्ट लिहिले आहे की पायलट हजर असला तरी कप्तान आणि वॉचवरचा अधिकारी यांची कर्तव्ये संपत नाहीत. ही अधिकाराची विभागणी कायद्याच्या दृष्टीने योग्यच आहे, पण बहुतेक बंदरांत ती नावापुरती उरते आणि तिथेच अपघाताला वाट मिळते, असे मला वाटते.

पायलट सक्तीचा का, हे आधी पाहायला हवे. हुगळीतून कोलकात्याला जाणारे जहाज समुद्राच्या तोंडापासून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर अशा पात्रातून कापते, जिथले वाळूचे दांडे सतत सरकत असतात. मुंबई बंदराची वाट नदीतून जात नाही, पण गाळ आहे, भरती-ओहोटी आहे, आणि मुंबई बंदर व न्हावा-शेवा या दोन्हींची जहाजे, नौदलाची जहाजे, कोळ्यांच्या होड्या एकाच पाण्यात ये-जा करतात. नकाशा कितीही चांगला असला तरी तिथे रोज वावरणाऱ्याची नजर त्यात उतरत नाही. म्हणूनच 1908 च्या भारतीय बंदर कायद्याच्या 31व्या कलमाने ठरावीक बंदरांत दोनशे टन आणि त्याहून मोठ्या जहाजाला पायलटशिवाय हलायला मनाई केली होती. आणि त्याच कलमात पुढे असेही होते, की पायलट सक्तीचा असला तरी झालेल्या नुकसानीला जहाजाचा मालक किंवा कप्तान तसाच जबाबदार राहील, जसा तो पायलट नसताना राहिला असता.

ज्याला नाकारता येत नाही त्याच्या चुकीची भरपाई आपण का करायची, हा जहाजवाल्यांचा जुना आक्षेप आहे आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. एके काळी इंग्लंडच्या कायद्याने तो मान्यही केला होता. पायलट सक्तीचा होता एवढे सिद्ध केले की मालक सुटत असे. मग ज्याची बोट फुटली त्याने दाद मागायची ती पगारावर जगणाऱ्या एका माणसाकडे. ब्रिटनने 1913 च्या पायलटेज कायद्याने ही पळवाट बुजवली. टकरीसंबंधीच्या 1910 च्या ब्रुसेल्स करारातही पायलट सक्तीचा असला तरी दायित्व जहाजाचेच, हे तत्त्व आहे. उलट बाजूने, 1987 च्या ब्रिटिश कायद्यात पायलटची वैयक्तिक देणेदारी 1,000 पौंड अधिक त्या फेरीचे शुल्क एवढ्यावर थांबते. मला हे रास्त वाटते. शेकडो कोटींच्या जहाजाची जोखीम एका माणसाच्या घरादारावर टाकली, तर ते काम कुणी घेणार नाही. विमा जहाजाकडे असतो, म्हणून पैशांची जबाबदारीही तिथेच राहावी.

पण पैशांची जबाबदारी आणि निर्णयाची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 23 मार्च 2021 रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे 400 मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले, तेव्हा ब्रिजवर कालवा प्राधिकरणाचे दोन पायलट होते आणि जहाजाचे 25 कर्मचारी सगळे भारतीय होते. सहा दिवसांनी जहाज निघाले. त्यानंतर प्राधिकरणाने आधी 91.6 कोटी डॉलरची मागणी केली आणि जहाज 7 जुलैपर्यंत अडकवून ठेवले. सुएझच्या नियमांनुसार पायलट सल्लागार आणि जबाबदारी कप्तानाची. म्हणजे कालव्यात जाण्याची परवानगी देणारा, पायलट पुरवणारा आणि नंतर भरपाई मागणारा पक्ष एकच. ज्या संस्थेचा माणूस ब्रिजवर होता तिनेच स्वतःला प्रश्नाबाहेर ठेवावे, हे मला मुळीच पटत नाही.

दुसरे उदाहरण पायलटच्या मर्यादेचे, आणि तितकेच कप्तानाच्या मौनाचेही. 7 नोव्हेंबर 2007 रोजी दाट धुक्यात ‘कॉस्को बुसान’ हे जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजच्या खांबाच्या संरक्षक कठड्यावर आदळले आणि सुमारे दोन लाख लिटर इंधन तेल खाडीत गेले. पायलट घेत असलेल्या औषधांमुळे त्याची विचारशक्ती मंदावली होती, असा निष्कर्ष अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. पुढे त्याला दहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. पण मंडळ तिथेच थांबले नाही. निघण्यापूर्वी कप्तान आणि पायलट यांच्यात मार्गाविषयी नीट बोलणेच झाले नव्हते आणि कप्तानाने पायलटच्या कामावर पुरेशी देखरेख केली नाही, हेही त्याने कारणांत नोंदवले. इलेक्ट्रॉनिक नकाशावरच्या लाल त्रिकोणांचा अर्थ पायलटने कप्तानाला विचारला होता. ज्याला रस्ता पाठ असायला हवा तो असा प्रश्न विचारतो, तेव्हा कप्तानाने जहाज थांबवून विचारपूस करायला हवी होती. तो अधिकार त्याच्या हाती पूर्ण होता.

मग सगळी सूत्रे पायलटच्याच हाती का देऊ नयेत? पनामा कालव्यात तसे आहे. तिथे जहाजाच्या हालचालीचे नियंत्रण पायलटकडे असते. पण पनामाची पद्धत इतर बंदरांवर जशीच्या तशी लादता येणार नाही. तिथे वाट ठरलेली आहे, लॉकमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी बदलणाऱ्या कप्प्यांत, जहाज ओढणारी यंत्रे प्राधिकरणाची आहेत, आणि नियंत्रणासोबत लॉकमधल्या नुकसानीचे दायित्वही प्राधिकरण बऱ्याच अंशी उचलते. शिवाय पायलटला पाणी ठाऊक असते, जहाज नसते. 26 मार्च 2024 रोजी बाल्टिमोरमध्ये ‘डाली’ या मालवाहू जहाजाची वीज गेली आणि ते पुलाच्या दिशेने वाहत गेले. ब्रिजवर दोन पायलट होते, कर्मचारी जवळजवळ सगळे भारतीय होते. पायलटांनी टग मागवले, नांगर टाकायला सांगितले, पुलावरची वाहतूक थांबवा असा निरोप किनाऱ्याला दिला. त्या निरोपाने गाड्या थांबल्या आणि कित्येक जीव वाचले. जहाज आदळून पूल कोसळला, तेव्हा त्यावर काम करणारे सहा मजूर मात्र गेले. जहाजाच्या विजेच्या यंत्रणेत काय बिघडले, हे जाणण्याचा पायलटकडे कोणताच मार्ग नव्हता. ते जहाजाच्याच लोकांना ठाऊक असायला हवे.

म्हणून दोघांनी एकमेकांवर नजर ठेवावी, हाच उपाय राहतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 2003 च्या ठरावात कप्तान आणि पायलट यांनी आधी माहितीची देवाणघेवाण करावी, असे सांगितले आहे. पायलट बाहेरच्यांशी स्थानिक भाषेत बोलला तर काय बोलला ते ब्रिजला समजावून सांगावे, असेही त्यात आहे. यावर अनुभवी लोक म्हणतात, की वेळ नसतो आणि कप्तानाने दर हुकमाला आडकाठी घातली तर अरुंद चॅनलमध्ये धोका वाढेल. अगदी खरे आहे. पण अडवणे आणि पडताळणे यांत फरक आहे. कुठे वळायचे, कुठे किती वेग ठेवायचा, कुठपर्यंत परत फिरता येईल, हे आधीच कागदावर ठरले असेल तर जहाज त्या वाटेपासून सरकताच कनिष्ठ अधिकारीही दोन शब्दांत बोलू शकतो. ठरलेच नसेल, तर कप्तानालाही चूक ओळखायला काही आधार नसतो. आणि बंदराच्या माणसाला टोकले तर पुढच्या फेरीला त्रास होईल, ही भीती त्याच्या मनात असतेच.

ती भीती घालवणे बंदराच्या हातात आहे, आणि बंदरालाही जाब विचारता येतो. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तोंडाशी 15 फेब्रुवारी 1996 रोजी ‘सी एम्प्रेस’ हे तेलवाहू जहाज पायलट असतानाच खडकावर चढले आणि सुमारे 72,000 टन कच्चे तेल समुद्रात गेले. खटला उभा राहिला तो बंदर प्राधिकरणावर. 1999 मध्ये न्यायालयाने त्याला 40 लाख पौंड दंड केला. अपिलात तो साडेसात लाखांवर आला, पण प्रश्न तसाच राहिला: एवढ्या मोठ्या जहाजासाठी या पायलटची तयारी पुरेशी होती का, आणि ते तपासणे कुणाचे काम होते? मुंबई, न्हावा-शेवा, मुरगाव किंवा हुगळी, प्रत्येक ठिकाणी अपघातानंतर कप्तानाला विचारतात तेवढ्याच कसोशीने हा प्रश्न बंदरालाही विचारला गेला पाहिजे. पायलट किती तास जागा होता, या आकाराचे जहाज त्याने याआधी किती वेळा आणले, मार्गाचा आराखडा जहाजाला आदल्या दिवशी पाठवला होता की नाही, यांची नोंद चौकशी अधिकाऱ्याने बंदराच्या दप्तरातून मागून घ्यावी.