कोटणिसांचे चिनी आडनाव

उत्तर चीनमध्ये शिजियाझुआंग नावाचे एक मोठे शहर आहे. तेथील हुतात्म्यांच्या उद्यानात एका परदेशी डॉक्टरची समाधी आहे. जपानी आक्रमणाच्या काळात ज्यांनी चिनी भूमीसाठी प्राण वेचले, त्यांच्या सान्निध्यात हा डॉक्टर विसावला आहे. समाधीवरील चिनी अक्षरे वाचली म्हणजे ‘के दी-ह्वा’ असे नाव उच्चारले जाते. नाव पूर्णपणे चिनी आहे. परंतु ते धारण करणारा मनुष्य मात्र सोलापूरचा होता. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस ते हेच. कोटणीस ‘के’ कसे झाले, आणि ज्या आडनावात ते सामावले गेले ते मूळचे कोठले व आज कोठे कोठे नांदत आहे, याची हकीकत मोठी मनोवेधक आहे.

प्रथम कोटणीस या नावाकडे वळू. महाराष्ट्रात ‘नीस’ या अक्षरांनी संपणारी आडनावे पुष्कळ आहेत : फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, पागनीस. यांतील ‘नीस’ हे फारसी ‘नवीस’ या शब्दाचे मराठी रूप असून त्याचा अर्थ ‘लिहिणारा’ असा आहे. फडाचे, म्हणजे दप्तरखान्याचे, लिहिणे सांभाळी तो फडणीस. पत्रव्यवहार पाही तो चिटणीस. पोत्याचा, म्हणजे खजिन्याचा, हिशेब ठेवी तो पोतनीस. त्याच न्यायाने कोटातील, म्हणजे किल्ल्यातील, लिहिणावळ ज्याच्याकडे तो कोटणीस होय. (ट आणि ड यांच्या शेजारी आले की ‘न’चा ‘ण’ होतो, इतर ठिकाणी तो तसाच राहतो, हे वरच्या नावांवरून ध्यानी येईल.) म्हणजे हे आडनाव मूळचे एका हुद्द्याचे नाव. त्याचा पूर्वार्ध आपला, उत्तरार्ध इराणातून आलेला. हुद्दे गेले, किल्ले ओस पडले, तरी नाव मात्र वंशपरंपरेने चालत राहिले.

चिनी आडनावांची तऱ्हा याहून निराळी आहे. ती बहुधा एकाच अक्षराची असतात आणि व्यक्तीच्या नावाच्या आधी येतात. सोलापूरकरांना यात फारसे नवल वाटू नये. येथील गिरण्यांच्या आणि हातमागांच्या आश्रयाने तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या विणकर कुटुंबांत घराण्याचे नाव, ज्याला तेलुगूत ‘इंटिपेरु’ म्हणतात, ते प्रथम उच्चारण्याचीच रीत आहे. शाळेच्या पटावर मात्र महाराष्ट्राच्या रिवाजाप्रमाणे ते शेवटी जाऊन बसते. चिनी माणसाच्या नावातही पहिले अक्षर घराण्याचे असते, आणि पुढील एक वा दोन अक्षरे त्याची स्वतःची. आडनावांची संख्या लोकसंख्येच्या मानाने फारच थोडी आहे. वांग, ली व झांग ही तीनच आडनावे लावणारे लोक मिळून २५ कोटींहून अधिक भरतात! ‘के’ हे आडनाव त्या मानाने लहान. पहिल्या शंभरांत ते येत नाही. तथापि ते जुने आहे. सोंग राजवटीच्या काळात मुलांना पाठ करण्यासाठी आडनावांची एक पद्यमय यादी रचली गेली, तिच्यात त्याला स्थान मिळालेले आहे.

आता या दोन नावांची गाठ कशी पडली ते पाहावयाचे. १९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनापती जू द यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. त्या वेळी सुभाषचंद्र बोस राष्ट्रसभेचे अध्यक्ष होते. राष्ट्रसभेने निधी जमवून पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध केले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले तरुण डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबई बंदरातून निघाले. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरून, युद्धाने विस्कटलेल्या मुलखातून वाट काढीत, ते चोंगचिंग या तत्कालीन राजधानीत पोहोचले. शांतिनिकेतनातील चीनभवनाचे प्रमुख तान युन-शान त्या वेळी तेथे होते. हे विद्वान दोन्ही देशांचे स्नेही. त्यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली.

परक्याचे नाव चिनी लिपीत लिहिणे ही सोपी गोष्ट नाही. आपली देवनागरी कोणताही ध्वनी जसाच्या तसा टिपू पाहते. चिनी लिपीत सुटे वर्ण नाहीत; प्रत्येक चिन्ह म्हणजे एक अक्षर आणि बहुधा एक अर्थही. त्यामुळे परके नाव लिहिताना त्याच्या ध्वनीशी जुळणारी चिन्हे निवडावी लागतात, आणि निवडलेल्या चिन्हांचे अर्थ आपोआप त्या नावाला चिकटतात. म्हणून ही निवड जाणत्याने करावी लागते. ‘कोटणीस’ हे नाव ध्वनीप्रमाणे लिहिल्यास ‘के-दी-नी-स’ अशी चार चिन्हे होतात. तान युन-शान यांनी पहिली दोन ठेवली, शेवटची दोन गाळली, आणि त्यांच्या जागी ‘ह्वा’ हे चिन्ह बसविले. ‘ह्वा’ म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांच्या नावांच्या शेवटी हेच चिन्ह योजलेले आहे, डॉ. बसू हे बा सू-ह्वा झाले. शेकडो वर्षांपूर्वी इराणातून येऊन मराठी नावाला जडलेला ‘नीस’ अशा रीतीने चोंगचिंगमध्ये गळून पडला आणि त्या जागी चीन आला.

उरलेल्या दोन चिन्हांचे अर्थही पाहण्याजोगे आहेत. ‘दी’ हे एका फुलझाडाचे नाव. त्याची फुले घोसाने, एकमेकांना लागून उमलतात. म्हणून प्राचीन चिनी काव्यात हे झाड भावाभावांच्या प्रेमाचे प्रतीक मानले गेले. भारतातून आलेल्या डॉक्टरसाठी हे अक्षर निवडणाऱ्याच्या मनात काय असेल, हे सांगावयास नको. ‘के’ या चिन्हाचा डावा भाग ‘झाड’ दर्शवितो आणि उजवा भाग केवळ उच्चार सुचवितो. त्याचा अर्थ कुऱ्हाडीचा दांडा, किंवा झाडाची फांदी.

या फांदीचे मूळ कोठे आहे? यांगत्से नदीच्या मुखाजवळ, आजच्या सूचौ नगराच्या परिसरात, प्राचीन काळी वू नावाचे राज्य होते. तेथील राजे आपला वंश चौ सम्राटांच्या घराण्याशी जोडीत. या राजकुळात के-लू नावाचा एक राजपुत्र होऊन गेला आणि त्याच्या वंशजांनी त्याच्या नावाचे आद्याक्षर आडनाव म्हणून स्वीकारले, अशी परंपरा आहे. वू राज्य इ. स. पूर्व ४७३ मध्ये शेजारच्या युए राज्याने बुडविले. आडनाव मात्र बुडाले नाही. घराण्यांच्या अशा उत्पत्तिकथा सर्वच देशांत राजाशी नाते सांगतात, हेही येथे ध्यानात ठेवलेले बरे.

‘के’ आडनावाचा दुसरा उगम अधिक विश्वसनीय, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. पाचव्या शतकात उत्तर चीनवर शिएनपेई नावाच्या भटक्या, अश्वारूढ लोकांचे राज्य होते. त्यांची नावे लांब, दोन-तीन अक्षरांची असत. त्यांचा सम्राट श्याओवेन याला चिनी संस्कृतीचे मोठे आकर्षण. त्याने इ. स. ४९६ मध्ये आज्ञा काढून आपल्या लोकांस एकाक्षरी चिनी आडनावे घेण्यास लावले. त्या वेळी ‘के-बा’ नावाच्या कुळाने नावातील दुसरे अक्षर टाकले आणि ते कुळ ‘के’ झाले. परक्या, लांब नावातील पहिले अक्षर ठेवावे, बाकीचे सोडावे, आणि त्या माणसास चिनी समाजात घ्यावे, ही रीत अशी चौदाशे वर्षांहून जुनी आहे. कोटणीस ‘के’ झाले ते याच वाटेने. भेद एवढाच की शिएनपेईंनी नाव बदलले ते राजाज्ञेने.

पुढे ‘के’ घराणी दक्षिणेकडे सरकत गेली. आज ती हूबेई, फूजियान, ग्वांगदोंग व जेजियांग या प्रांतांत, तसेच तैवान बेटावर विशेष आढळतात. फूजियान हा डोंगराळ आणि समुद्रकाठचा प्रांत. शेती अपुरी, बंदरे मुबलक. त्यामुळे तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या दर्यापार जात आले. मलाया, सिंगापूर, जावा, फिलिपीन्स या देशांत ‘के’ मंडळी गेली ती मुख्यतः येथून. गंमत अशी की परदेशी जाताच हे आडनाव ओळखू येईनासे झाले. चिन्ह एकच, परंतु फूजियानच्या बोलीत त्याचा उच्चार ‘क्वा’ असा होतो, तर कँटनच्या बोलीत ‘ओ’ असा. त्यातून इंग्रज, डच व स्पॅनिश अंमलदारांनी ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे रोमन अक्षरे योजली. मलाया व सिंगापूर येथे ‘क्वा’ हे नाव दोन-तीन प्रकारे लिहिले जाते, फिलिपीन्समध्ये आणखी निराळ्या रीतीने. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांच्या पत्नी क्वा ग्योक चू या नामांकित वकील होत्या; त्यांचे ‘क्वा’ म्हणजे हेच ‘के’. तैवानमध्ये रोमन लिपीत ते ‘को’ असे लिहिण्याची पद्धत आहे. तैपेईचे २०१४ ते २०२२ या काळातील महापौर को वेन-जे हे याच आडनावाचे. म्हणजे तैवानातील एखादा ‘के’ आणि सोलापूरचे कोटणीस यांची नावे इंग्रजीत लिहिली, तर पहिली दोन अक्षरे एकच दिसतील. आग्नेय आशियातील अनेक शहरांत ‘के’ आणि ‘त्साय’ या दोन आडनावांच्या संयुक्त कुलसभा आहेत. दोघेही चौ राजवंशाशी नाते सांगतात आणि म्हणून एकमेकांस भाऊबंद समजतात.

डॉ. कोटणिसांचा ‘के’ या कुलसभांच्या वह्यांत बसणारा नव्हता. पथक यान-आनकडे निघण्याच्या सुमारास त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परत जाण्यास मोकळीक असूनही ते मागे फिरले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक यान-आनला पोहोचले. पुढे सहकारी एकेक करून स्वदेशी परतले, कोटणीस राहिले. आठव्या मार्गसेनेबरोबर ते रणांगणाच्या निकट शस्त्रक्रिया करीत, चिनी भाषेत बोलत व शिकवीत. कॅनडाचे सुविख्यात शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांचे नोव्हेंबर १९३९ मध्ये चीनमध्येच निधन झाले होते. त्यांचे चिनी आडनाव ‘बाय’, तेही ‘बेथ्यून’च्या पहिल्या ध्वनीवरून घेतलेले. त्यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. खेड्यापाड्यांतील लोकांस ‘कोटणीस’ हे नाव ठाऊक नव्हते. ते त्यांना ‘के दायफू’ म्हणत. दायफू म्हणजे वैद्य.

१९४१ मध्येच त्यांनी ग्वो छिंग-लान या परिचारिकेशी विवाह केला. चीनमध्ये विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही. म्हणून त्या ग्वो होत्या आणि ग्वोच राहिल्या. मूल मात्र पित्याचे आडनाव लावते. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुत्र झाला, त्याचे नाव ‘यिन-ह्वा’ ठेवले गेले. ‘यिन’ हे चिनी भाषेतील ‘भारत’ या नावाचे पहिले अक्षर, आणि ‘ह्वा’ चीनचे. अशा रीतीने के यिन-ह्वा हा बालक जन्मतः ‘के’ झाला. पित्याचा सहवास त्याला चार महिनेही लाभला नाही. अतिश्रम आणि अपस्माराचे झटके यांनी जर्जर झालेले डॉ. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेई प्रांतातील एका खेड्यात मृत्यू पावले. त्यांचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते. शल्यचिकित्सेवर चिनी भाषेत ते लिहीत असलेले पुस्तक अपुरेच राहिले.

यिन-ह्वा मोठा होऊन पित्याप्रमाणे वैद्यक शिकू लागला. परंतु शिक्षण पुरे होण्यापूर्वीच १९६७ मध्ये तोही मरण पावला. या घराण्यात ‘के’ आडनाव लावणारी दोनच माणसे झाली. ग्वो छिंग-लान यांना दीर्घ आयुष्य लाभले. त्या अनेकदा भारतात येऊन कोटणीस कुटुंबीयांस भेटून गेल्या. २०१२ मध्ये दालियन येथे त्यांचे निधन झाले.

रक्ताच्या वाटेने हे आडनाव पुढे गेले नाही, तरी ते पुसलेही गेले नाही. हेबेई प्रांतात बेथ्यून व कोटणीस यांचे संयुक्त स्मारक आहे. शिजियाझुआंगमध्ये एका वैद्यकीय शाळेला ‘के दी-ह्वा’ हे नाव आहे. सोलापुरात भैय्या चौकातील त्यांच्या घरी महानगरपालिकेने स्मारक उभारले आहे, तेथे मात्र ते अर्थातच कोटणीस आहेत. १९८२ मध्ये, त्यांच्या मृत्यूस चाळीस वर्षे झाली तेव्हा, चीन सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली आणि १९९३ मध्ये भारत सरकारने काढले. चिनी तिकिटावर नाव आहे के दी-ह्वा, आणि भारतीय तिकिटावर द्वारकानाथ कोटणीस.