वेलाला मांडव, पेशींना जाळी



मागच्या दिवाळीत आमच्या प्राथमिक विभागातल्या एका मुलाचा हात भुईनळ्याने भाजला. घरच्यांनी घाईघाईने त्यावर टूथपेस्ट लावली आणि मग दवाखाना गाठला. जखम वरवरची होती, पंधरा दिवसांत भरली. पुढे विज्ञान मंडळाच्या तासाला त्याच्याच वर्गमित्राने विचारले, "बाई, कातडी जर परत उगवते, तर जास्त भाजलेल्या माणसाची का उगवत नाही?" प्रश्न साधा, पण उत्तर मोठे आहे. ते सर्वांना कळावे म्हणून हा लेख.

आपल्या त्वचेचे दोन मुख्य थर असतात. वरची पातळ बाह्यत्वचा आणि तिच्याखालची जाड, चिवट अंतस्त्वचा. बाह्यत्वचा सतत झिजते आणि सतत नवी होते. अंतस्त्वचेचे तसे नाही. ती कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेली असते, तिच्यात रक्तवाहिन्या असतात. खोल भाजण्यात हा थर संपूर्ण जळाला, की शरीर तो पूर्वीसारखा विणू शकत नाही. जखमेच्या कडा आत ओढल्या जातात आणि व्रण तयार होतो. कोपरावर किंवा मानेवर असा व्रण आखडला, तर हात सरळ होत नाही, मान वळत नाही.

मग शास्त्रज्ञांनी काय केले? परसातला दोडक्याचा वेल आठवा. वेलाला वाढायची ताकद असते, पण चढायला मांडव लागतो. पेशींचेही तसेच आहे. त्यांना धरायला, पसरायला आधार मिळाला, तर त्या स्वतःचे ऊतक स्वतः बांधतात. हा आधार म्हणजे सच्छिद्र जाळी. आपल्या मांडवात आणि या मांडवात एकच फरक. हा मांडव वेल वाढेल तसतसा आपोआप विरघळून जातो आणि शेवटी फक्त वेल उरतो.

हे काम प्रथम यशस्वी केले ते अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातील दोघांनी. जॉन बर्क हे शल्यचिकित्सक आणि आयोनिस यानास हे एमआयटीचे प्राध्यापक. गाईच्या कोलॅजेनमध्ये शार्क माशाच्या कूर्चेतला एक घटक मिसळून त्यांनी जाळी केली आणि तिच्यावर सिलिकोनचा पातळ पडदा बसवला. पडद्यामुळे अंगातले पाणी बाहेर जात नाही आणि जंतू आत येत नाहीत. खालच्या जाळीत रुग्णाच्याच पेशी व रक्तवाहिन्या शिरतात. साधारण तीन आठवड्यांनी पडदा काढतात आणि रुग्णाच्याच अंगावरची अगदी पातळ त्वचा वर लावतात. १९८१ मध्ये त्यांनी अतिशय गंभीर भाजलेल्या १० रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. १९९६ मध्ये या जाळीला अमेरिकेत सरकारी मान्यता मिळाली.

आता छिद्रांविषयी. अनारशाला जाळी पडली नाही तर तो दगड होतो, फार पडली तर तळताना विरतो, हे घरातल्या सुगरणींना ठाऊक आहे. इथेही तसेच. यानास यांच्या प्रयोगांत साधारण २० ते १२५ मायक्रोमीटरची छिद्रे उपयोगी ठरली. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. छिद्र फार लहान असेल तर पेशी आत शिरत नाहीत. फार मोठे असेल तर त्यांना धरायला पुरेसा पृष्ठभाग उरत नाही. शिवाय छिद्रे एकमेकांना जोडलेली हवीत, नाहीतर आतल्या पेशींना अन्न आणि प्राणवायू मिळणार नाही.

ही छिद्रे पाडतात कशी? सुईने नव्हे, बर्फाने! प्रथिनाचा पातळ लगदा गोठवला, की त्यात बर्फाचे असंख्य स्फटिक तयार होतात. मग निर्वात पात्रात त्या बर्फाची थेट वाफ करतात. देवघरातला कापूर पाणी न होताच उडून जातो, तसा बर्फ उडून जातो. त्याच्या जागी छिद्रे उरतात. गोठवण्याचा वेग बदलला, की छिद्रांचा आकार बदलतो.

आपल्या देशातही हे काम चालू आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयातल्या पेशी काढून टाकून उरलेल्या जाळीपासून 'कोलेडर्म' हे जखमेवरचे आवरण तयार केले. त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या 'सेरिजेन' या कंपनीने तर रेशमाच्या प्रथिनाचा उपयोग केला आहे. आपले कर्नाटक तुतीच्या रेशमात देशात आघाडीवर. ज्या कोशातून आईची साडी होते, त्याच कोशातून उपचाराचे साहित्यही होऊ शकते!

मात्र पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशा जाळीवर आलेल्या त्वचेत केस आणि घामाच्या ग्रंथी येत नाहीत. खर्चही सर्वांना झेपणारा नसतो. आणि शरीराचा फार मोठा भाग जळाला असेल, तर सर्वात आधी लागते ते तात्पुरते पांघरूण, म्हणजे दान केलेली त्वचा. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी २००० साली त्वचापेढी सुरू केली. याच डॉक्टरांनी केळीच्या पानाची पट्टी भाजलेल्या जखमेला चिकटत नाही आणि ड्रेसिंग बदलताना दुखत नाही, हेही अभ्यासाने दाखवले. बेंगळुरूच्या व्हिक्टोरिया रुग्णालयातही २०१६ पासून त्वचापेढी आहे.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठीवरचा फक्त वरचा पातळ थर काढतात. चेहऱ्याला हात लावत नाहीत. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये थंड जागी ही त्वचा कित्येक वर्षे टिकते. नेत्रदानाविषयी आपल्या समाजात आता संकोच राहिलेला नाही. त्वचादानाविषयीही घरात एकदा मोकळेपणाने बोलावे. विश्वस्त मंडळींनी पालकसभेत एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे, अशी आमची विनंती आहे.

आणि मुलांनो, भाजले तर शाई, हळद, टूथपेस्ट, बर्फ काहीही लावू नका. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, स्वच्छ कापडाने सैल झाका आणि डॉक्टरांकडे जा. अंतस्त्वचा वाचली, तर मांडव घालण्याची वेळच येत नाही. त्या दिवशी वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आमचे हेच उत्तर आहे.