चौदा लाख माणसं आणि चार कोटी डॉलर

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या अकरापट मोठं, पण वस्ती रत्नागिरीहूनही कमी, जेमतेम १४ लाखांची. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या मतदारांपुढे एक प्रश्न ठेवला गेला. घराघरांत वीज पोहोचवणाऱ्या दोन खासगी कंपन्या विकत घ्यायच्या आणि त्यांच्या जागी ‘पाइन ट्री पॉवर’ ही लोकांच्या मालकीची कंपनी उभी करायची का?

हा प्रश्न मतपत्रिकेवर आणायलाच ६३ हजारांहून जास्त मतदारांच्या सह्या लागत होत्या. कार्यकर्त्यांनी त्या गोळा केल्या. त्यांच्या प्रचाराला पैसा मिळाला साधारण दहा लाख डॉलर. विरोधात त्या दोन कंपन्यांकडून जवळपास चार कोटी डॉलर ओतले गेले. म्हणजे तान्ह्या बाळासकट दर माणशी २८ डॉलर. रुपयांत सांगायचं तर त्या वेळच्या दराने ३३० कोटी. रत्नागिरीएवढ्या वस्तीत एकाच प्रश्नावर एकाच बाजूने ३३० कोटींचा प्रचार झाला, तर गावातली एखादी भिंत तरी कोरी राहील का?

सुमारे ७० टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं.

पण त्या दोन कंपन्या कोणाच्या होत्या? मोठी कंपनी ‘सेंट्रल मेन पॉवर’, तिची सूत्रं स्पेनच्या ‘इबरड्रोला’ उद्योगसमूहाकडे. दुसरी ‘व्हर्संट’, आणि तिची मालक कॅनडातल्या कॅलगरी शहराची महापालिका. कॅलगरीच्या लोकांनी स्वतःची सार्वजनिक वीजकंपनी केव्हाच उभी केली होती. तिच्या नफ्यात मेनच्या घरांतून भरलेली बिलंही जात होती. मेनच्या माणसाला मात्र सांगितलं जात होतं की, सार्वजनिक मालकी तुम्हाला परवडणार नाही. परदेशी सरकारांच्या मालकीच्या कंपन्यांना अशा सार्वमतात पैसा ओतायला बंदी घालावी, असा आणखी एक प्रश्न त्याच दिवशी मतपत्रिकेवर होता. तो प्रचंड बहुमताने मंजूर झाला. म्हणजे लोकांना खटकत होतं, ते कळतही होतं. मग घोडं अडलं कुठे?

एका आकड्यापाशी. कंपन्या विकत घ्यायला १,३५० कोटी डॉलर लागतील, असं विरोधकांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. माणशी साडेनऊ हजारांच्या वर! समर्थकांचा अंदाज बराच कमी होता, पण भीती बसायची ती बसली. हा आकडा खोटा होता, असं मी म्हणत नाही. किंमत शेवटी न्यायालयातच ठरली असती. पण एवढं कर्ज कोणाच्या खिशातून एकरकमी जाणार नव्हतं. ते फिटणार होतं वीजबिलातून, आणि खासगी कंपनीच्या भांडवलाचा खर्चही बिलातूनच वसूल होतो.

आता दुसरा आकडा बघा. तो जाहिरातीत मावत नाही. समजा, तारा-खांबांत १,००० कोटी डॉलर गुंतले आहेत. सार्वजनिक कंपनी कर्जरोख्यांवर पैसा उभारते, तिला नफा वाटायचा नसतो. तिचं व्याज ४ टक्के धरू. खासगी कंपनीला कर्जाचं व्याज आणि भागधारकांचा परतावा मिळून सरासरी ७ टक्के धरू. तीस वर्षांच्या समान हप्त्यांत पहिली वसूल करील सुमारे १,७३५ कोटी, दुसरी २,४१८ कोटी. फरक ६८३ कोटी डॉलरचा. तेच खांब, त्याच तारा, तीच वीज. पण चौघांच्या कुटुंबामागे साडेएकोणीस हजार डॉलर जास्त. टक्केवारी मी धरलेली आहे, ती बदलली की उत्तरही बदलेल. व्याजाचा हा काटा मात्र कुठल्याही हिशेबात टोचतोच.

स्वच्छ विजेचा प्रश्न इथेच या मालकीशी जोडला जातो. कोळशाच्या केंद्रात इंधन रोज विकत घ्यावं लागतं. सूर्य आणि वारा फुकट, पण पॅनेल, पवनचक्की आणि नव्या वाहिन्या यांचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. त्यामुळे त्या विजेचा दर बऱ्याच अंशी व्याजदर ठरवतो. कर्ज स्वस्त, तर सौरवीज स्वस्त.

सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप स्वच्छ वीज, असं मात्र नाही. नेब्रास्का राज्यात सगळी वीज सार्वजनिक किंवा सहकारी संस्थांकडून येते, तरी तिथे कोळसा भरपूर जळतो. लोकांच्या हाती मालकी असली, तरी ती वापरावी लागते.

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोने ती वापरली. १९२३ साली तिथल्या मतदारांनी स्वतःची वीजकंपनी हवी म्हणून कौल दिला. खासगी कंपनी कोर्टात गेली, खटले चालत राहिले. पहिली वीज मिळाली ३१ डिसेंबर १९४६ रोजी. कौल दिला तेव्हा पाळण्यात असलेलं मूल तेवीस वर्षांचं झालं होतं! पुढे १९८९ साली त्याच शहराने मतदान करून आपलं ९०० मेगावॉटचं अणुवीज केंद्र बंद करायला लावलं. त्या केंद्राच्या शेजारी १९८४ पासूनच सौर पॅनेल उभी होती. आज ही कंपनी सुमारे १५ लाख लोकांना, म्हणजे अख्ख्या मेनहून जास्त माणसांना, वीज पुरवते. २०३० पर्यंत वीजनिर्मितीतलं कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं तिने ठरवलं आहे. संचालक मंडळातले सातही जण लोकांनी निवडून दिलेले.

मुंबईने हा व्यवहार ७ ऑगस्ट १९४७ रोजीच केला. त्या दिवशी ट्राम चालवणारी आणि वीज पुरवणारी खासगी कंपनी महापालिकेकडे आली, तीच आपली ‘बेस्ट’. उरलेल्या महाराष्ट्रात बहुतेक घरांचं बिल महावितरणकडून येतं. तीही आपल्याच, राज्याच्या मालकीची. दरवाढीचा प्रस्ताव आला की वीज नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवतो. त्यासाठी वकील लागत नाही. पुढची सूचना वर्तमानपत्रात दिसेल तेव्हा एक पान लिहा आणि विचारा: सौरऊर्जेसाठी किती कर्ज घेतलं, किती टक्क्यांनी, आणि त्यातलं किती आमच्या बिलात आलं?