चाकांवरचे घर आणि आकाशातला नाका

हिंगोलीहून वाशीमकडे निघाले की वाटेत कनेरगाव नाका लागतो. पूर्णा-अकोला लोहमार्गावर याच नावाचे स्टेशनही आहे. गावाच्या नावाला नाका चिकटला तो काही उगाच नव्हे. १९४८ साली निजामी राजवट संपली. तोपर्यंत अलीकडचा मुलूख हैदराबाद संस्थानचा आणि पलीकडचे वऱ्हाड १९४७ पर्यंत इंग्रजांच्या कारभारातले. संस्थानची जकात वेगळी, नाणे वेगळे, टपालाचे तिकीटसुद्धा वेगळे. जकातीच्या खात्याला तिकडे ‘करोडगिरी’ असे भारदस्त नाव होते. आज अलीकडे हिंगोली जिल्हा आहे, पलीकडे वाशीम जिल्हा. दोन्ही जिल्हे वयाने लहान: वाशीम १९९८ चा, हिंगोली १९९९ चा. मोटार आता कोणी अडवीत नाही. चालकाला वाटले तर तो चहासाठी थांबतो, इतकेच.

परंतु नाके जमिनीवरून उठले म्हणजे नाहीसे झाले, असे मात्र समजू नये. काही आकाशात गेले आहेत. चाकांवरच्या घरात बसून उपग्रहाकडून थेट इंटरनेट घ्यावे अशी हौस ज्यांना आहे, आणि दिवसेंदिवस ती पुष्कळांना होऊ लागली आहे, त्यांना या नाक्यांची माहिती असलेली बरी.

चाकांवरचे घर म्हणजे ज्याला आपण हल्ली कॅराव्हॅन म्हणतो ते. आत झोपायला फळ्या, शेगडी, हात धुण्याची मोरी, लहानसे शीतकपाट आणि, घरच्या मंडळींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्वच्छतागृह. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणच जाहीर केले. तेव्हापासून सुट्टीत असली गाडी भाड्याने घेऊन देवदर्शनाला निघणारी कुटुंबे अधूनमधून दिसतात. माझी थोरली बहीण अमेरिकेत मुलाकडे गेली होती, तेव्हा तिला अशाच गाडीतून त्याने तीन आठवडे रानावनातून हिंडवले. तिकडून अक्काचा रोज संध्याकाळी व्हिडिओवर फोन येई. मागे निर्मनुष्य माळ, क्षितिजापर्यंत एक दिवा नाही, आणि अक्का भरल्या वांग्याला दाण्याचे कूट किती घातले ते सांगते आहे! मी भाच्याला विचारले, “अरे, तिथे टॉवर कुठे आहे?” तो म्हणाला, “मामा, टॉवर वर आहे,” आणि त्याने फोन टपाकडे फिरवला. पोळपाटाला चौकोनी केले तर दिसेल तशी एक पांढरी तबकडी टपावर पडली होती.

त्या तबकडीचे मर्म समजायला थोडे मागे जावे लागेल. उपग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ठाण मांडलेला. पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे तो आपल्याला जागचा हललेला दिसत नाही. म्हणून तर आपल्या गच्च्यांवरच्या टीव्हीच्या साऱ्या तबकड्या, एखाद्या शाळेत कवायतीला उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या, दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या असतात. महाराष्ट्राला या विद्येचा पहिला परिचय जुन्नर तालुक्यातल्या आर्वी येथे झाला. तिथल्या भूकेंद्राची तबकडी सुमारे तीस मीटर व्यासाची. १९७२ साली ते केंद्र राष्ट्राला अर्पण झाले आणि विक्रम साराभाईंचे नाव त्याला मिळाले. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उसन्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना दूरदर्शन दाखवण्याचा प्रयोग झाला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता.

आणि चाकांचे म्हणाल, तर उपग्रह आणि चाके यांची गाठ आपल्याकडे पुष्कळ आधी पडली आहे. ‘ॲपल’ हा आपला पहिला दळणवळणाचा प्रायोगिक उपग्रह. १९८१ साली अवकाशात जाण्यापूर्वी त्याच्या ॲन्टेनाची चाचणी घ्यायची होती आणि भोवती धातू नको होता. तेव्हा शास्त्रज्ञांनी तो सरळ बैलगाडीवर चढवला! ते छायाचित्र जगभर गाजले. परदेशी लोकांना त्यात गंमत वाटली. मला तरी त्यात शहाणपण दिसते. लाकडी गाडीहून सोयीचे वाहन त्या कामाला दुसरे कोणते मिळणार होते?

या उंचावरच्या उपग्रहाचे दोन दोष. तुमची हाक वर जायची, खाली यायची, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली यायचे, असा जवळजवळ १,४४,००० किलोमीटरचा हेलपाटा होतो. प्रकाशाच्या वेगाने गेले तरी त्याला अर्धा सेकंद लागतो. टीव्ही पाहणाऱ्याला त्याचे काही नाही. संभाषण करणाऱ्याला मात्र दोघे एकदम बोलतात आणि दोघे एकदम थांबतात, असे अवघडल्यासारखे होते. दुसरा दोष फिरत्या घराला भोवतो. तबकडीचा नेम एका बिंदूवर धरावा लागतो. गाडी उभी करा, होकायंत्र काढा, टपावर चढा, ‘आले का? गेले!’ असे ओरडा. अमेरिकेतल्या जुन्या मोटारघरवाल्यांनी हे कित्येक वर्षे केले आहे.

नवी युक्ती अशी की उपग्रह खाली आणायचे, आणि एकदोन नव्हे, हजारोंनी. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून जातात. मुंबईहून हिंगोलीला मोटारीने यायला अंतर पडते जवळपास तेवढेच. हेलपाटा अडीच हजार किलोमीटरच्या आत आला, म्हणजे त्याला सेकंदाचा शंभरावा हिस्साही लागत नाही; बाकी थोडा वेळ जमिनीवरच्या तारांत आणि यंत्रांत जातो. पण खाली आलेल्या उपग्रहाला पडून न जाण्यासाठी पळावे लागते. ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने तो दीड तासात पृथ्वीला फेरी घालतो आणि आपल्या डोक्यावर काही मिनिटेच राहतो. तो मावळायच्या आत दुसऱ्याला खो देतो, दुसरा तिसऱ्याला. हा अखंड खो-खो खालच्या तबकडीने न चुकता पाहायचा. ती मान वळवीत नाही. तिच्या पोटात शेकडो चिमुकले ॲन्टेना ओळीने मांडलेले असतात. लेझीमच्या पथकात एकेकाने कणभर उशिराने ठोका दिला की लाट जशी डावीकडून उजवीकडे सरकते, तसे या ॲन्टेनांचे ठोके किंचित मागेपुढे केले की किरणांचा झोत पाहिजे त्या दिशेला वळतो. २०२० साली ही सेवा अमेरिकेत सुरू झाली आणि २०२२ मध्ये खास मोटारघरांसाठी निराळी निघाली. अक्काची भरली वांगी आली ती या मार्गाने.

आता संसारी प्रश्न. ही तबकडी खाते किती? लहान असली तर २५ ते ४० वॅट, मोठी असली तर ७५ ते १०० वॅट. म्हणजे मोठीचे खाणे छताच्या जुन्या पंख्याएवढे. बारा व्होल्टची शंभर ॲम्पिअर-तासांची बॅटरी बाराशे वॅट-तास देते. शिशाची असेल तर निम्म्याहून अधिक उपसू नये, नाहीतर तिचे आयुष्य आटते. उरले सहाशे. मोठी तबकडी त्यावर आठ तास चालेल, लहान वीस तास. त्यातच दिवे, पंखा आणि शीतकपाट बसवायचे असेल, तर गृहिणीला महिनाअखेरीचे अंदाजपत्रक जसे करावे लागते तसे करावे लागेल. टपावर सौर पत्रा घातला तर हात जरा सैल सुटतो.

दुसरी अडचण मला अगदी आपल्या मातीतली वाटते. मराठवाड्याच्या उन्हात गाडी उभी करायची ती कडुनिंबाखाली किंवा वडाखाली. शहाणा माणूस दुसरीकडे करणारच नाही. आणि तबकडीला पाहिजे उघडे आभाळ! एक फांदी आड आली तरी खो चुकतो. सावली पाहिजे की इंटरनेट, हा सवाल मे महिन्यात सोपा नाही. (तबकडीला लांब वायर लावून ती उन्हात ठेवावी आणि आपण सावलीत बसावे, हा तोडगा आहे, मग गुरे आणि मुले यांपासून तिचे रक्षण करायला एक माणूस बसवावा.) पावसाचेही तेच. या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या. मुसळधार सरीतले थेंब त्यांना गिळतात. आषाढात ऐन रंगलेल्या मालिकेच्या वेळी ज्यांचा टीव्ही मुका झाला आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

येथवर आले म्हणजे वाचक म्हणेल, मागवू या की एक भाच्याकडून! थांबा. आकाशातला नाका तो हाच. परवान्यावाचून उपग्रहाचे यंत्र वापरायला आपल्याकडे पूर्वीपासून बंदी आहे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा हे त्याचे मूळ. त्यांची जागा घ्यायला नवा दूरसंचार कायदा २०२३ साली संमत झाला. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात अतिरेक्यांनी उपग्रह फोन वापरला होता, तेव्हापासून या बाबतीत डोळ्यांत तेल घालून पाहतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू बाईंना पोलिसांनी ताब्यात घेतले. तिच्या सामानात काय होते, तर डोंगरात वाट चुकल्यास निरोप धाडता यावा म्हणून बाळगलेले मुठीएवढे यंत्र! तेव्हा परदेशच्या आप्तांनी दिवाळीची भेट म्हणून तबकडी आणू नये. आणायचेच तर बदाम आणावेत.

परवाना मिळवायला त्या बड्या कंपनीलाही काही कमी खेटे पडले नाहीत. २०२१ मध्ये तिने भारतात आगाऊ पैसे घ्यायला सुरुवात केली. परवाना नसल्यामुळे सरकारने हटकले, आणि पैसे परत करावे लागले. दूरसंचार खात्याचा परवाना तिला जून २०२५ मध्ये मिळाला, अवकाश खात्याकडील ‘इन-स्पेस’ची संमती जुलैमध्ये. त्याआधी वनवेब आणि जिओ यांना परवाने मिळाले होते. वनवेबचे ७२ उपग्रह तर आपल्याच इस्रोने २०२२ आणि २०२३ साली दोन खेपांत श्रीहरिकोट्याहून वर नेले. सरकारच्या अटी कडक आहेत. देशातले दळणवळण देशातल्याच भूकेंद्रातून गेले पाहिजे, गिऱ्हाइकाची ओळख पटवूनच जोडणी द्यायची, आणि तबकडी स्थिर असो की फिरती, ती या घटकेला कोठे आहे हे मागितले की सांगता आले पाहिजे. घरासाठी घेतलेली तबकडी घरापुरती आणि प्रवासाची निराळी, असा भेद ही कंपनी परदेशात करते. म्हणून कोठल्याही कंपनीच्या कागदावर सही करण्यापूर्वी ‘फिरत्या गाडीत चालेल काय’ एवढे एक वाक्य लिहून घ्यावे.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम यांसारख्या जिल्ह्यांची नावे आली. म्हणजे पाहा, वाशीम आहे, हिंगोली नाही! उपग्रह खालून जाणारी सरहद्द ओळखत नाही, इरादापत्र ओळखते. जुन्या करोडगिरीच्या कारकुनाला हे वाचून बरे वाटले असते.

या वाटेवर मला स्वतःला काय अनुभव आला तेही सांगून टाकतो. शेगावहून औंढा नागनाथला भाड्याच्या कॅराव्हॅनमधून आम्ही निघालो होतो. कन्येच्या परीक्षेचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस. वाशीमपासून तिचा फोन मुका. “बाबा, आज राहिला तर सहा महिने गेले,” असे म्हणून ती खिडकीशी रडवेली बसली, आणि सौभाग्यवती मला म्हणाल्या, “अहो, तुमच्या त्या उपग्रहांना सांगा की काहीतरी!” कनेरगाव नाक्यावर चहाला थांबलो. हॉटेलवाल्याने मुलीचा चेहरा पाहून चौकशी केली आणि आपला फोन काउंटरवर ठेवला. “याच्यावर जोडून पाहा ना ताई, ही दुसरी कंपनी हाय.” दहा मिनिटांत अर्ज गेला, पैसे गेले, पावती आली. चहाचे पैसे तो घेईना.

माझे मत विचाराल तर हमरस्त्यावरच्या प्रवाशाला तबकडीची गरज क्वचित पडते. दोन निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डे आणि टपावर एक बरा ॲन्टेना, एवढ्यावर त्याचे काम भागते. तबकडीचे खरे गिऱ्हाईक वेगळे आहे, आणि ते कॅराव्हॅनमधून फिरत नाही.

आपण पणत्या लावीत असतो त्याच सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. ट्रक, ट्रॅक्टर, त्यांवर भांडी, पेट्या, शेळी, म्हातारी माणसे आणि पोरे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल घेतलेली. फडाजवळ कोपी उभारायची आणि फड संपला की मोडायची. चाकांवरचे घर म्हणतात ते आपल्याकडे कित्येक पिढ्यांपासून आहे, फक्त त्याचे धोरण कोणी जाहीर केले नव्हते. या माणसांचे रेशन आता गावच्या दुकानाला बांधलेले नाही. २०१९ साली महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात सुरुवात होऊन पुढे देशभर कार्ड कोठेही चालू लागले; परंतु दुकानदाराच्या यंत्रावर अंगठा उमटला पाहिजे आणि तो उमटायला तिथे जाळे पाहिजे. गावी हंगामी वसतिगृहात ठेवलेल्या मुलाने आईला रात्री पाहायचे म्हटले तरी तेच.

शंभर कोयत्यांच्या तळावर एक लहान तबकडी, एक सौर पत्रा, एक बॅटरी. वर ज्या संसाराचा हिशेब मांडला त्याहून तो मोठा नाही. ऊस तोडलेल्या रानात सावलीचे झाड नसते, ही त्या जागेची नेहमीची तक्रार. तबकडीला मात्र तीच जागा उत्तम.