मावळची भातलावणी आणि परमुलखांतले हात

मृग बरसला, रोपें वीतभर झालीं, म्हणजे पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांतील खातेदारांपुढें दरवर्षीं एकच प्रश्न उभा राहतो. लावणीस माणसें कोठून आणावयाचीं? पूर्वीं भावकींतील मंडळी एकमेकांच्या खाचरांत इर्जिकीनें उतरत आणि चार-आठ दिवसांत वाडीची लावणी उरकत असे. आतां घरचा तरुण तळेगांव-चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जातो, व घरीं उरतात ते साठी उलटलेले. रोपाला मात्र ही अडचण कळत नाहीं. तें वीस-पंचवीस दिवसांचें झालें कीं खाचरांत गेलेंच पाहिजे; जून रोपास फुटवे कमी येतात, आणि ती तूट पुढें कितीहि खत दिलें तरी भरून निघत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

या अडचणीपायीं ठाकर-कातकरी मजुरांच्या जोडीला अलीकडे कांहीं गांवांतून बिहार, झारखंड, बंगाल या प्रांतांतल्या टोळ्या उक्त्या दरानें लावणीस उतरूं लागल्या आहेत. तळेगांवच्या आसपासच्या गुलाबाच्या हरितगृहांत तर असेच हात बारमाही राबतात. त्यांच्याविषयीं सोसायटीच्या ओट्यावर जें बोललें जातें तें आम्हीं ऐकलें आहे. ‘हे परके आमच्या पोरांचा घांस काढून घेतात’, असें एक गृहस्थ सकाळीं म्हणतात, आणि तेच गृहस्थ संध्याकाळीं मुकादमास फोन करून ‘परवां दहा माणसें पाठीवच’ म्हणून गळ घालतात. यांत आम्ही त्यांनाच दोष देत नाहीं. आमचीहि गत निराळी नाहीं. परंतु घांस कोणाचा व कोणीं पिकविलेला, याचा निवाडा करण्यापूर्वीं आपल्याच तालुक्याचें जुनें दप्तर थोडें चाळावें, असें आम्हांस वाटतें.

बोरघाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ सालीं सुरू झालें आणि १८६३ च्या एप्रिलांत मार्ग खुला झाला. सुमारें सोळा मैलांत १,८३१ फूट चढण, पंचवीस बोगदे, आणि बहुतेक सारें काम पहार, सुरुंगाची दारू व डोक्यावरची पाटी यांच्या बळावर! १८६१ च्या आरंभीं या कामावर बेचाळीस हजारांहून अधिक माणसें होतीं; त्यांत बायका होत्या, मुलेंहि होतीं. तीं कांहीं सगळीं मावळचीं नव्हतीं. दूरदूरच्या दुष्काळी गांवांतून पोटामागें आलेलीं तीं माणसें होतीं. पटकीच्या सांथींनीं त्यांतलीं हजारों दगावलीं. बळींचा एकूण आंकडा पंचवीस हजारांच्या घरांत असावा, असा रेल्वेच्या इतिहासाचे अभ्यासक अंदाज करतात. आपण आज लोणावळ्याहून गाडींत बसतों व चहा थंड होण्यापूर्वीं घाट उतरतों, तेव्हां यांतलें कांहींच आठवत नाहीं.

या कामांतील एक प्रकरण विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १८५९ च्या जानेवारींत मजुरी थकल्यामुळें मजूर खवळले व गोऱ्या देखरेख्यांशीं त्यांचा दंगा झाला. ठेकेदार फेव्हिएल यानें त्याच वर्षीं ठेका सोडला. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत पाऊल ठेवल्यावर थोडक्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिनें तो ठेका चालवून पुरा केला. अशा मजुरीच्या तंट्यांचा झटपट निकाल लावण्यासाठीं सरकारास १८६० सालीं कायदा करावा लागला. आपल्या खंडाळ्यांतला तो दंगा परप्रांतीयांच्या उद्दामपणाचा नव्हता, थकलेल्या मजुरीचा होता.

लोहमार्ग झाला म्हणून लोणावळें गांवाचें शहर झालें. त्या मजुरांस व पुढें प्रवाशांस गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकणाऱ्या मगनलाल अग्रवाल यांच्या घराण्याची हकीकत लोणावळ्यांत अजून सांगतात. तीच गुडदाणी आज चिक्की या नांवानें सर्वत्र जाते. (चिक्कीतला भुईमूग तरी कोठला देशी? तोहि मूळचा दक्षिण अमेरिकेंतला पाहुणा.)

तळेगांवचा पैसाफंड काच कारखाना हें दुसरें उदाहरण. अंताजी दामोदर काळे यांच्या खटपटीनें पैसा-पैसा गोळा होऊन हा स्वदेशी कारखाना १९०८ सालीं उभा राहिला. परंतु काच करण्याची विद्या त्या वेळीं आपणांपाशीं नव्हती. ती घेऊन आले ते संयुक्त प्रांतांतील ईश्वरदास वार्ष्णेय, जपान व अमेरिका येथें शिकून परतलेले. तळेगांवीं तयार झालेले विद्यार्थी पुढें निरनिराळ्या प्रांतांत कारखाने काढण्यास गेले. त्या वेळीं त्यांना कोणी परप्रांतीय म्हटलें असेल असें वाटत नाहीं.

आतां दुसरी बाजू. मावळांत माणसें आलीं तशीं मावळांतून गेलींहि. मुंबईचे डबेवाले हे मावळ, मुळशी, खेड, आंबेगांव, जुन्नर, अकोलें याच पट्ट्यांतले. १८९० सालीं महादू हावजी बच्चे यांनीं हा धंदा सुरू केला असें मानतात. २०२० पूर्वीं सुमारें पांच हजार माणसें रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोंचवीत. मुंबईच्या कचेऱ्यांत दुपारीं जेवण वेळेवर मिळे तें या परगांवच्या हातांमुळें. आणि आपल्या गांवच्या विहिरी बांधल्या गेल्या, बैलजोड्या घेतल्या गेल्या, त्यांतला पैसाहि बराचसा त्याच मनिऑर्डरींचा. ग्रामदेवतेच्या यात्रेसाठीं चैत्राच्या सुमारास हे लोक डबे बंद ठेवून गांवीं येतात, तेव्हां मुंबईकर कुरकुरतो. आणि छटपूजेसाठीं बिहारी मजूर गेला कीं आपण कुरकुरतों!

२०२० च्या मार्चांत टाळेबंदी आली, त्या उन्हाळ्यांत हा सारा हिशेब एकदम उघडा पडला. डबेवाले गांवीं परतून खाचरांत उतरले, आणि उत्तरेकडील मजूर मिळेल त्या वाटेनें आपल्या मुलखास निघाले. पंजाबांत कित्येक दशकें बिहारी मजुरांवर चालणारी भातलावणी अडली, व मोठ्या क्षेत्रावर रोपाऐवजीं थेट पेरणी करावी लागली.

एक भेद मात्र आम्हांस स्पष्ट केला पाहिजे. हात घेऊन येणारा परका निराळा व थैली घेऊन येणारा निराळा. टाटा कंपनीच्या वळवण-शिरवत्याच्या तलावांतल्या पाण्यावर झालेली वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. त्यांत देशाचा मोठा लाभ झाला हें खरें, पण जमीन गेली ती मावळ्यांची. तोच अनुभव शेजारच्या मुळशींत पुन्हां येऊं लागला तेव्हां १९२१ सालीं सेनापती बापट यांच्या पुढारपणाखालीं सत्याग्रह झाला. आजहि बंगल्यासाठीं खाचर विकत घेणारा एकदां पैसे मोजतो आणि तें खाचर कायमचें भाताबाहेर जातें. लावणीस आलेला मजूर मजुरी घेऊन जातो. खाचर व पीक आपणांपाशीं ठेवून जातो. गंमत अशी, कीं आपला राग बहुधा दुसऱ्यावर निघतो व पहिल्यास आपण शेत दाखवावयास स्वतः गाडींतून नेतों.

तथापि स्थानिक मजुराची एक तक्रार खरी आहे, व ती झांकून ठेवणें बरें नव्हे. कांहीं खातेदार बाहेरची टोळी आणतात ती हात कमी म्हणून नव्हे, तर गांवच्या कातकऱ्याचा दर पाडण्यासाठीं. जेथें गांवचा माणूस चालत्या दरानें यावयास तयार आहे, तेथें त्यास आधीं बोलवावें, आणि बाहेरच्या टोळीसहि तोच दर द्यावा. मुकादमाच्या हातीं सगळी रक्कम देऊन मोकळें होण्याची रीत सोडून प्रत्येकाची मजुरी दर आठवड्यास ज्याची त्याच्या हातीं मोजावी. उचल दिली असेल तर ती वहींत मांडून त्या माणसास वाचून दाखवावी. चारसूत्री पद्धतीनें १५ व २५ सेंटिमीटरांच्या जोडओळी हव्या असतील, तर दोरी धरून पहिल्या दिवशीं दोन तास स्वतः खाचरांत उभें राहावें. ‘ह्यांना आपली लावणी जमत नाहीं’ ही कुरकुर बहुतेक ठिकाणीं तेवढ्यानें थांबते. वडगांवच्या भात संशोधन केंद्रानें १९८७ सालीं दिलेला इंद्रायणी वाण हा आपल्या आंबेमोहराचा व फिलिपाईन्सहून आलेल्या आयआर-८ चा संकर. तोहि नव्या रीतीनें लावावयास आपण शिकलोंच कीं नाहीं?

राहतां राहिली निवाऱ्याची गोष्ट. गोठ्याच्या एका कोपऱ्यांत दहा माणसें निजवावयाचीं आणि सकाळीं त्यांनीं गुडघाभर चिखलांत वाकून वेगानें चालावें अशी अपेक्षा धरावयाची, हें कोणत्याहि हिशेबांत बसत नाहीं. कोरडी जागा, चुलीपुरतें जळण व पिण्यास उकळलेलें पाणी एवढें तरी असावें. यंदा ज्यांच्याकडे टोळी यावयाची आहे त्यांनीं रोहिणी नक्षत्र संपण्यापूर्वींच पडवीचें छप्पर शाकारून घ्यावें. मृग लागल्यावर शाकारणारा गडीहि मिळत नाहीं.