एका खोक्याचे दोन भाव

२०२३ च्या दिवाळीत पुतण्या न्यू जर्सीहून आला. फराळाच्या बशा उचलल्या जात होत्या, तेवढ्यात त्याने खिशातून नवा आयफोन १५ प्रो काढून टेबलावर ठेवला. घरातली तरुण मंडळी गुळाला मुंग्या जमाव्यात तशी जमली.

"काका, तिकडे हा नऊशे नव्व्याण्णव डॉलरला. इथे एक लाख चौतीस हजार नऊशे. सरळसरळ लूट आहे ही!"

बँकेत उभी हयात आकडे तपासण्यात गेलेल्या माणसासमोर असं वाक्य टाकणं धोक्याचं. मी एका लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट घेतलं आणि त्याच्या पाठीवर हिशेब मांडला.

डॉलर तेव्हा सुमारे ८३ रुपयांना होता. म्हणजे तिकडची किंमत जवळजवळ ८३ हजार. फरक ५२ हजारांचा. पण अमेरिकेत पाटीवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो पैसे देताना वर लागतो. न्यू जर्सीचा दर ६.६२५ टक्के. हे साडेपाच हजार रुपये पुतण्या सोयीस्करपणे विसरला होता! आपल्या छापील किमतीत मात्र सगळे कर आलेले असतात. १,३४,९०० मधला १८ टक्के वस्तू व सेवा कर काढला की उरतात सुमारे १,१४,३००. हे प्रो मॉडेल त्या वर्षी भारतात जुळवलं जात नव्हतं, बाहेरून येत होतं. त्यावर आयात शुल्क २० टक्के, अधिभार धरून २२ टक्के. ढोबळ हिशेबाने तेही वजा केलं की राहतात ९३-९४ हजार. साधा आयफोन १५ तामिळनाडूत जुळवला जात होता. तो अमेरिकेत ७९९ डॉलरला, म्हणजे सुमारे ६६,३०० रुपयांना, आणि इथे ७९,९०० ला. कर काढला की ६७,७००. फरक जेमतेम चौदाशेचा.

"म्हणजे तुझी बावन्न हजारांची लूट दहा-अकरा हजारांवर आली. बाकीची रक्कम सरकारजमा," मी म्हटलं.

"मग हे दहा हजार कसले?" पुतण्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता.

त्यातला काही भाग भीतीचा असतो. १९९१ च्या जुलैत तीन दिवसांत दोनदा रुपयाचं अवमूल्यन झालं, तेव्हा मी बँकेत होतो. ज्यांची परदेशी बिलं चुकती व्हायची होती, त्यांची देणी बसल्या जागी वाढली. कंपनी एकदा रुपयांत किंमत जाहीर करते आणि तिच्यावर महिनोन् महिने राहते. मधल्या काळात रुपया घसरला तर तोटा अंगावर नको, म्हणून थोडी जागा आधीच ठेवते. काही भाग दुकानांचा, दुरुस्तीचा, कमी खपाचा. आणि उरलेला? तुळशीबागेतला जुना दुकानदार भाव सांगण्याआधी गिऱ्हाइकाच्या चपलांकडे बघायचा. मोठी कंपनी तेच करते. फक्त ती अख्ख्या देशाच्या चपला बघते.

या बघण्याचा परिणाम नेहमी महागाईच असतो असं नाही. लंडनच्या 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने १९८६ मध्ये गमतीने मॅकडोनाल्डच्या बर्गरचे देशोदेशीचे भाव मांडायला सुरुवात केली. भारतात गोमांसाचा बर्गर नसल्याने आपल्यासाठी कोंबडीचा धरतात. तो आपल्याकडे अमेरिकेपेक्षा बराच स्वस्त निघतो, कारण त्यात इथली मजुरी, इथलं भाडं आणि इथलं गिऱ्हाईक आहे. बर्गर बोटीत घालून न्यूयॉर्कला विकता येत नाही. फोन मात्र खिशात मावतो.

म्हणूनच दोन भाव टिकवायचे तर मधे भिंत लागते. ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानसाखळीने लेव्हाइजच्या जीन्स युरोपबाहेरून स्वस्तात आणून विकायला काढल्या. लेव्हाइज कोर्टात गेली आणि २००१ मध्ये युरोपीय न्यायालयाने तिची बाजू उचलून धरली. कंपनीच्या संमतीशिवाय तिचा माल बाहेरून आणून विकता येणार नाही, असा निकाल झाला. जीन्स अस्सल होत्या. आल्या फक्त चुकीच्या दाराने.

ग्राहक म्हणून अशा भिंतीचा रागच येतो. पण तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. थायलंडहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने घरच्यांकडून तिथली स्वस्त पाठ्यपुस्तकं मागवून अमेरिकेत विकली. प्रकाशकाने खटला भरला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात विद्यार्थी जिंकला. टाळ्या वाजवाव्यात असा निकाल! पण प्रकाशकाच्या जागी बसून बघा. बँकॉकची पुस्तकं न्यूयॉर्कची विक्री खाणार असतील, तर बँकॉकची किंमत वाढवणं हाच त्याला सोपा उपाय.

औषधांत तर हा प्रश्न जिवावरचा होतो. हेपटायटिस सी वरच्या सोव्हाल्डी या गोळीचा बारा आठवड्यांचा उपचार अमेरिकेत ८४,००० डॉलरला होता. इजिप्तमध्ये हा आजार घरोघरी पोहोचलेला; तिथे त्याच कंपनीने २०१४ मध्ये तोच उपचार ९०० डॉलरला दिला. आजार तोच, गोळी तीच. साऱ्या जगात एकच भाव हवा, असा नियम उद्या झाला तर तो भाव ९०० च्या जवळ ठरेल की ८४,००० च्या? कंपनीचा मुख्य नफा कुठून येतो हे आठवलं, की उत्तर शोधायला पाकीट लागत नाही.

म्हणून मला वाटतं, दोन भाव असणं हाच अन्याय नव्हे. प्रश्न असा विचारावा, की भाव कोणासाठी वाढवला आणि कोणासाठी उतरवला? ज्याला परवडतं त्याच्याकडून जास्त घेऊन नडलेल्याला कमी भावात देणारी भिंत मला चालेल. नुसती गरज हेरून खिसा कापणारी नको.

जाण्याच्या आदल्या दिवशी पुतण्या माळ्यावरची सांगलीच्या कॉलेजातली जुनी पुस्तकं रद्दीत काढत होता. अमेरिकी लेखकाचं इंजिनिअरिंगचं एक जाडजूड पुस्तक, पातळ कागद, साधं वेष्टन. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात इंग्रजीत छापलेलं होतं, की ही आवृत्ती फक्त भारत आणि शेजारच्या देशांत विक्रीसाठी आहे. मी बोट ठेवून ती ओळ त्याला दाखवली.

तो क्षणभर थांबला. मग पदराने पुसावं तसं शर्टाच्या बाहीने त्याने ते पुस्तक पुसलं आणि बॅगेत ठेवलं. फोनचं रिकामं खोकं मात्र रद्दीत गेलं.