बंद दारामागची दिनचर्या

सन २०२० चा गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. प्रथम २१ दिवसांची म्हणून आलेली ही टाळेबंदी टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत वाढत गेली. या काळात दूरध्वनीवरून आमच्याशी बोलणाऱ्या बहुतेक रुग्णांना ज्वर वा कास नव्हता. तक्रारी होत्या त्या मलावष्टंभ, आम्लपित्त, निद्रानाश, अंगाची जडता आणि चिडचिड यांच्या. आजही घरून काम करणारे, अस्थिभग्नामुळे अंथरुणास खिळलेले किंवा निवृत्त झालेले रुग्ण याच तक्रारी घेऊन येतात; म्हणून त्या अनुभवाची पुन्हा उजळणी करावीशी वाटते.

दिनचर्या म्हटली की दंतधावन, नस्य, गंडूष, अभ्यंग, व्यायाम, स्नान ही कर्मे आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु ती ज्या काळाच्या चौकटीत बसतात ती चौकट सामान्य माणसाला कचेरी, शाळा व दुकान यांनी बाहेरून पुरविलेली असते. ती एका रात्रीत नाहीशी झाली. मध्यरात्रीनंतरपर्यंत मोबाईल, सकाळी नऊला जाग, बाराला न्याहारी असा क्रम सुरू झाला. (२८ मार्चपासून दूरदर्शनवर ‘रामायण’ सकाळी ९ व रात्री ९ वाजता पुन्हा दाखविले जाऊ लागले, तेव्हा काही घरांतील जेवणाच्या वेळा त्या मालिकेनेच मार्गावर आणल्या, हेही नमूद केले पाहिजे!)

अग्नीचा विचार केल्यास हेतू स्पष्ट दिसतात. पहिले अन्न जिरण्यापूर्वी दुसरे घेणे हे अध्यशन आणि अवेळी, कमी-अधिक खाणे हे विषमाशन. घरात बसून वेळ जात नाही म्हणून दोन्ही घडत होती. त्यात जेवताना समोर दूरचित्रवाणीवर मृतांचे आकडे. चिंता, शोक, भय, क्रोध व जागरण यांमुळे मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही, असे चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. तेव्हा पाचक चूर्ण देण्यापूर्वी जेवताना बातम्या बंद करा, असे सांगणे हीसुद्धा चिकित्साच होती.

दिवसा झोपू नका, असा सरसकट उपदेशही आपल्याकडून झाला. वास्तविक ग्रीष्मात रात्री लहान असतात, आदानकाळामुळे रूक्षता वाढते व वाताचा संचय होतो, म्हणून त्या ऋतूत दिवास्वाप संमत आहे. मात्र मेद व कफ अधिक असणाऱ्यांना आणि नित्य स्निग्ध आहार घेणाऱ्यांना तो तेव्हाही वर्ज्यच आहे. आमचे एक प्रमेही रुग्ण, निवृत्त शिक्षक, सकाळचे फिरणे बंद झाल्यावर दुपारी भरपेट जेवून दोन तास झोपू लागले आणि त्यांची रक्तशर्करा वाढली. त्यांच्यासाठी आम्ही औषध बदलण्याआधी उठण्याची वेळ व दोन भोजनकाळ पक्के केले, भोजनोत्तर शतपावली घरातल्या घरात सुरू केली आणि रात्री जागरण झालेच तर त्याच्या निम्म्या काळाची झोप सकाळी, काही न खाता घ्यावी असे सांगितले.

आता आमच्या चुकीविषयी. आयुष मंत्रालयाने ३१ मार्च २०२० रोजी ज्या सूचना प्रसृत केल्या, त्यांत तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोन वेळा घ्यावा असे होते. आम्ही तत्परतेने तसे पत्रक काढून रुग्णांना मोबाईलवर पाठविले. प्रकृती व ऋतू यांचा उल्लेख त्यात केला नाही. भीतीपोटी लोक तो काढा तीन-चार वेळा, मिरी-सुंठ वाढवून पिऊ लागले. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास मुखपाक, मूत्रदाह, गुदमार्गी दाह, क्वचित नाकातून रक्त अशा तक्रारी आल्या. ग्रीष्मात कटू व उष्ण द्रव्ये टाळावीत, हे आम्ही पदवीपूर्व अभ्यासक्रमात शिकलो होतो! पित्तप्रकृतीच्या रुग्णांचा काढा थांबवून त्यांना धणे-मनुकांचा हिम दिला, तेव्हा दाह शमला. औषधविक्रेत्या बंधूंनीही काढ्याचे पुडे देताना ग्राहकास दाह, रक्तस्राव वा आम्लपित्ताची प्रवृत्ती आहे काय, एवढे विचारावे. असा काढा कोविडपासून रक्षण करतो, असे तेव्हा काहींनी सांगितले. तसे म्हणण्यास आधार नव्हता व आजही आम्ही तसे म्हणणार नाही.

‘स्वतःला कामात गुंतवून ठेवा’ हा आणखी एक सल्ला. तो आम्ही त्या शिक्षकांना दिला, तेव्हा पलीकडून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, “डॉक्टरसाहेब, मला थोडं रिकामं राहायला सांगा हो.” मोलकरीण येत नव्हती, मुलगा-सून घरून काम करीत होते, नातवंडांच्या फर्माइशी होत्या आणि या बाई संधिवाताचे गुडघे घेऊन दिवसातून पाच वेळा ओट्यापाशी उभ्या राहात होत्या. व्यायाम अर्धशक्तीने करावा हे आपण सर्वांना सांगतो. श्रमाची मर्यादा मात्र गृहिणीला कोणी सांगत नाही. वैशाखातील वाळवणाचे दिवस होते. कुरडयांचा चीक घोटणे, गच्चीवर साड्या अंथरणे, धान्य निवडणे ही कामे शिक्षकांकडे द्यावीत, असे आम्ही मुलाला बोलावून सांगितले. बाईंना दुपारी तासभर विश्रांती व रात्री जानूंना तिळतेलाचा अभ्यंग. पंधरा दिवसांनी शिक्षकांची शर्करा उतरली होती. बाईंचे गुडघे मात्र तसेच होते, कारण विश्रांतीच्या तासात त्या नातवंडांचे डबे भरून ठेवीत असत, असे सुनेने सांगितले. तेव्हापासून घरातील एका रुग्णाची दिनचर्या लिहून देताना त्याचा स्वयंपाक कोण करते, हा प्रश्न आम्ही केसपेपरवर लिहून ठेवतो.